उत्तराला लागणारा वेळ

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शताब्दीच्या व्यासपीठावरून मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे, निदान एखाद्या विस्मृत कादंबरीकाराचे स्मरण तरी करावे, अशी आपली अपेक्षा असेल तर ती रास्तच आहे. मी मात्र आज इंग्लंडातील दूरचित्रवाणीवर दोनच वर्षे जगलेल्या एका बागकामाच्या स्पर्धेविषयी बोलणार आहे. हा विषय मी कळवला तेव्हा आपल्या कार्यवाहांनी तो दोनदा विचारून खात्री करून घेतली. तेव्हा या निवडीचा खुलासा प्रथम करतो.

कार्यकारी मंडळाने माझ्याकडे खरे तर वेगळेच काम सोपवले होते. शताब्दीनिमित्त विद्यार्थ्यांसाठी प्रश्नमंजूषा घ्यावी, बडोदे हे कमाटीबागेचे गाव असल्याने तिच्यात एक फेरी झाडे, फुले आणि बागा यांवर असावी, आणि त्या फेरीचे प्रश्न मी काढावेत, असे ठरले होते. मी होकार दिला. चार संध्याकाळी आपल्या संदर्भ विभागात बसलो, चाळीस प्रश्न काढले आणि मग ते काम परत केले. ते का परत केले, याचा हिशेब आपल्यापुढे मांडणे मला भाग आहे.

त्याचे मूळ बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगात आहे. आमच्या महाविद्यालयात आंतरवर्गीय प्रश्नमंजूषा होती आणि प्रश्न विचारणारा मी होतो. हातात चिठ्ठ्या, टेबलावर घंटा, शेजारी घड्याळ घेऊन बसलेला सहकारी. एका चिठ्ठीवर प्रश्न होता: ‘कलमी आंब्याला फळ कितव्या वर्षी येते?’ चिठ्ठीच्या मागे उत्तर लिहिलेले होते: ‘चौथ्या’. पाद्र्याकडच्या एका खेड्यातून येणारा, शेतकऱ्याचा मुलगा उभा राहिला आणि गुजरातीत म्हणाला, “सर, मोहोर तर दुसऱ्याच वर्षी येतो, पण तो आम्ही...” मी घंटा वाजवली. उत्तर चूक, गुण शून्य. प्रश्न पुढच्या संघाकडे गेला. तिथल्या मुलीने ‘चौथ्या’ असे सांगितले आणि टाळ्या घेतल्या.

त्या मुलाचे अपुरे राहिलेले वाक्य मला पुढे एका रोपवाटिकेच्या मालकाकडून पूर्ण ऐकायला मिळाले. कलमाला मोहोर लवकर येतो. पण पहिली तीन-चार वर्षे जाणता माणूस तो खुडून टाकतो. कोवळ्या झाडाने आपली ताकद फळात घालवली तर खोड आणि फांद्या दुबळ्या राहतात. म्हणजे ‘चौथ्या वर्षी’ हे उत्तर आंब्याच्या झाडाचे नव्हतेच. हात आवरून धरणाऱ्या माणसाचे ते उत्तर होते, आणि ते त्या मुलाला ठाऊक होते. चिठ्ठीवरचे उत्तर कुठून आले, हेच तो सांगू पाहत होता. सभागृहात त्याच्याइतके ज्ञान कुणालाच नव्हते, मला तर नव्हतेच. तो मुलगा तक्रार न करता खाली बसला. ते शून्य माझ्या खात्यावर आजही आहे.

आता इंग्लंडातल्या त्या कार्यक्रमाकडे वळतो.

२०१४ च्या उन्हाळी सुट्टीत मी माझ्या धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. ती रेडिंग शहराजवळ राहते. तिथे अलॉटमेंट नावाची एक जुनी व्यवस्था आहे. ज्यांच्या घराला पुरेशी बाग नाही अशा नागरिकांना स्थानिक संस्था जमिनीचा लहानसा तुकडा वार्षिक भाड्याने देते. तिथे भाजी लावावी, फुले लावावीत. ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकणारा महत्त्वाचा कायदा १९०८ चा आहे. रूढ आकाराचा तुकडा सुमारे अडीचशे चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच गुंठ्यांचा असतो. दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई झाली तेव्हा ‘विजयासाठी खणा’ अशी हाक सरकारने दिली आणि याच तुकड्यांनी अनेक घरे जगवली. माझ्या बहिणीकडेही असा एक तुकडा होता.

त्या एप्रिलात बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर ‘द बिग अलॉटमेंट चॅलेंज’ ही मालिका सुरू झाली होती. तिचे चित्रीकरण बहिणीच्या घरापासून जवळच, टेम्स नदीकाठच्या मेपलडरहॅम इस्टेटीतील भिंतीने वेढलेल्या जुन्या बागेत झाले होते. त्यामुळे त्या भागात तिचे कौतुक अधिक. फर्न ब्रिटन या निवेदिका होत्या. नऊ जोड्यांना प्रत्येकी एक तुकडा दिलेला होता. त्यांच्यापुढे तीन कसोट्या असत: पिकवणे, सजवणे आणि खाण्यासाठी टिकवणे. पहिलीचे परीक्षक जिम बट्रेस हे जुने उद्यानतज्ज्ञ, दुसरीचे जोनाथन मोझली हे पुष्परचनाकार आणि तिसरीच्या थेन प्रिन्स या मुरंबे-लोणच्यांच्या जाणकार. दर भागाच्या शेवटी कुणीतरी बाहेर पडे. त्याआधी पाककलेच्या अशाच एका स्पर्धेने तिथे अफाट लोकप्रियता मिळवलेली होती, आणि बागेलाही तेच यश लाभेल अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. २०१५ च्या जानेवारीत दुसरी मालिका आली आणि त्याच वर्षी कार्यक्रम बंद झाला.

मी त्याचे काही भाग पाहिले. कार्यक्रम वाईट मुळीच नव्हता. माणसे सज्जन होती, परीक्षक जाणते होते, बाग डोळे निववणारी होती. तरीही पाहताना काहीतरी निसटत होते, आणि ते काय हे मला माझ्या बहिणीमुळे कळले. कार्यक्रम ऐन रंगात असताना ती उठली आणि पायांत बूट घालत म्हणाली, “दादा, तू बघ. उजेड आहे तोवर मी रोपांना पाणी घालून येते.” अंतिम निकालाची तिला उत्सुकता नव्हती असे नाही, पण तिच्या वाटाण्याचे वेल त्या आठवड्यात आधार शोधत होते आणि त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा असे सांगता येत नव्हते.

ती गेल्यावर मी कार्यक्रम नीट निरखला. तीन कसोट्यांपैकी सजवणे आणि टिकवणे या दोन घड्याळ लावून घेता येतात. दोन तासांत पुष्पगुच्छ बांधा, अमुक वेळात मुरंबा करा, असे म्हणता येते. स्पर्धकाची बोटे थरथरतात, पाक करपतो, प्रेक्षकाचा श्वास रोखला जातो. पहिल्या कसोटीचे तसे नाही. पिकवण्याचे काम कॅमेऱ्यासमोर होतच नाही. ते रात्री होते, पावसात होते, सगळे घरी गेल्यावर होते. परीक्षकासमोर येतात त्या काढलेल्या, धुतलेल्या, एकसारख्या आकाराच्या ओळीने मांडलेल्या भाज्या. त्यांच्यामागचे महिने काही क्षणांच्या दृश्यांत गुंडाळावे लागतात. म्हणजे बागेच्या स्पर्धेतून बागच वगळली जात होती, आणि उरलेल्या वेळेत फुलांची मांडणी आणि मुरंब्याच्या बरण्या यांना मोठी जागा मिळत होती. दोष कुणाचाच नव्हता. घड्याळाच्या खेळात ज्याला घड्याळ लागू पडत नाही ते आपोआप कडेला सरकते.

श्रोतेहो, इथे एक शंका आपल्या मनात आली असेल. बागकाम आणि प्रसारमाध्यमे यांचे मुळात जमतच नाही, असे मला म्हणायचे आहे काय? तसे मुळीच नाही. त्याच देशात याच्या अगदी उलट उदाहरण आहे, आणि ते पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ टिकलेले आहे.

१९४७ च्या एप्रिलात, महायुद्धानंतरच्या टंचाईच्या दिवसांत, लँकेशायरमधील अ‍ॅश्टन-अंडर-लाइन या गावच्या ब्रॉडओक हॉटेलात काही हौशी बागाईतदार जमले. बीबीसी रेडिओने एक चौकडी त्यांच्यासमोर बसवली आणि लोकांना म्हटले, ‘विचारा काय विचारायचे ते’. हा कार्यक्रम पुढे ‘गार्डनर्स क्वेश्चन टाइम’ या नावाने प्रसिद्ध झाला. गावोगावच्या सभागृहांत जायचे, तिथल्या माणसांनी आपापल्या बागेतला प्रश्न विचारायचा, आणि तज्ज्ञांनी तो आधी न पाहता उत्तर द्यायचे, एवढीच त्याची रचना. गुण नाहीत, घंटा नाही, विजेता नाही.

या कार्यक्रमात अनेक वर्षे तिघांची जोडी गाजली. बिल सॉवरबट्स हे भाजीपाला पिकवून विकणारे, फ्रेड लोड्स हे मुरलेले माळी आणि १९५० मध्ये त्यांना येऊन मिळालेले अ‍ॅलन जेमेल हे जीवशास्त्राचे प्राध्यापक. या तिघांचे एकमत होईलच याची खात्री नसे. प्राध्यापकांनी शास्त्र सांगावे आणि माळ्याने आपल्या अनुभवावर ते घासून पाहावे. श्रोत्यांना त्या मतभेदाचीच गोडी. एकाच प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली म्हणून कुणी नाराज होत नसे. ज्याची बाग, तो दोन्ही उत्तरे घरी नेई आणि आपल्या मातीत कोणते उतरते ते पाही. १९९४ मध्ये निर्मितीची व्यवस्था बदलल्याच्या निषेधार्थ त्या वेळचे तज्ज्ञ एकगठ्ठा दुसऱ्या नभोवाणीकडे निघून गेले, तरी कार्यक्रम नव्या माणसांसह चालूच राहिला. दूरचित्रवाणीचेही तसेच: १९६८ पासूनची ‘गार्डनर्स वर्ल्ड’ ही मालिका तिथे दीर्घायुषी ठरली, कारण ती ऋतूबरोबर चालते.

स्पर्धेशीही माझे वैर नाही. इंग्लंडच्या खेड्यांत भाज्यांची आणि फुलांची प्रदर्शने भरतात. तिथे चुरस असते, बक्षिसे असतात, हेवेदावेही असतात. पण ती स्पर्धा वर्षातून एकदा भरते आणि हरलेला माणूस पुढच्या वर्षीचे बी निवडायला घरी जातो. तिथे बागेच्या कालगणनेला स्पर्धा मान देते. माझी हरकत आहे ती उत्तराला लागणारा वेळ आधीच ठरवून टाकणाऱ्या प्रश्नाला.

हे मला आपल्याच भाषेतील एका शब्दावरून अधिक स्पष्ट झाले. तो शब्द म्हणजे ‘बहार’. आपण साहित्याचे लोक हा शब्द ‘मैफलीला बहार आली’ अशा वाक्यांत वापरतो. सांगोल्याकडे माझ्या मामांची डाळिंबाची बाग होती. लहानपणी मी त्यांना विचारले होते, “मामा, डाळिंबाला फुले कधी येतात?” मामा म्हणाले, “आपण धरू तेव्हा.” मला ती थट्टा वाटली. पण ते अक्षरशः खरे होते. डाळिंबाला वर्षातून तीनदा फुलण्याची संधी असते: जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास आंबे बहार, पावसाळ्याच्या आरंभी मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त बहार. त्यांतला कोणता धरायचा ते माणसाने ठरवायचे. उन्हाळ्यात विहिरीला पाणी टिकणार असेल तर आंबे बहार. नसेल तर पावसावर भिस्त ठेवून मृग. पावसाळ्यात रोगकिडीचे भय अधिक, म्हणून तोही विचार करायचा. मग झाडाचे पाणी तोडायचे. त्याला ‘ताण देणे’ म्हणतात. हलक्या जमिनीत ताण थोडे दिवस पुरतो, भारी जमिनीत अधिक दिवस द्यावा लागतो. पाने पिवळी पडून गळू लागतात. पाहणाऱ्याला वाटते, बाग मेली. नेमक्या वेळी छाटणी करून, खत घालून पाणी सोडले की फुटवा येतो आणि त्याबरोबर कळ्या.

आता सांगा, ‘डाळिंबाला फुले कोणत्या महिन्यात येतात?’ हा प्रश्न मी चिठ्ठीवर कसा लिहू? त्याला चार पर्याय कसे देऊ? खरे उत्तर देणारा विद्यार्थी आधी मलाच विचारील: जमीन कुठली, विहिरीला पाणी किती, कोणता बहार धरलाय? म्हणजे जाणत्याचे उत्तर उलट प्रश्नाने सुरू होते. आणि प्रश्नमंजूषेच्या नियमानुसार उलट प्रश्न विचारणारा बाद होतो.

माझे चाळीस प्रश्न घेऊन मी एका सकाळी कमाटीबागेत गेलो आणि तिथे अनेक वर्षे काम केलेल्या एका वृद्ध माळ्याला ते वाचून दाखवले. इतिहासाचे प्रश्न त्यांनी कौतुकाने ऐकले. झाडांविषयीच्या प्रत्येक प्रश्नावर मात्र ते थांबत आणि म्हणत, “साहेब, ते बघावं लागतं.” चाळिसांपैकी बावीस प्रश्नांपुढे मी ‘बघावे लागते’ असे लिहिले. घरी येऊन कागद पुढे ठेवला आणि मला तो आंब्याचा मुलगा आठवला. त्याच संध्याकाळी मी काम परत केले.

आपल्या ग्रंथालयाचा या सगळ्याशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध जवळचा आहे, आणि तो आपल्याच गावच्या इतिहासात आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत या शहराला दोन गोष्टी मिळाल्या. विश्वामित्रीच्या काठी १८७९ मध्ये बाग उभी राहिली; पुढे, १८९३ मध्ये, लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले गुस्टाव क्रुम्बिगेल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ बडोद्याच्या सेवेत आले. ते १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात गेले आणि बंगळूरच्या लालबागेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. दुसरी गोष्ट ग्रंथालयांची. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आलेल्या महाराजांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणले. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावी वाचनालये आणि जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या, अशी व्यवस्था उभी राहिली. दोन्ही गोष्टी सर्वांसाठी खुल्या होत्या. बागेत किंवा ग्रंथालयात शिरताना कुणी परीक्षा घेत नव्हते, आणि बाहेर पडताना कुणी गुण देत नव्हते. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली तेव्हा शेवटच्या सूत्रात ग्रंथालयाला वाढत्या सजीवांत गणले, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही.

आजची आपली स्थिती काय आहे? आपली अभ्यासिका सकाळपासून भरलेली असते, याचा मला आनंद आहे. पण तिथल्या बहुतेक मुलांपुढे स्पर्धा-परीक्षांची मार्गदर्शक पुस्तके उघडी असतात. एक प्रश्न, चार पर्याय, शेवटी उत्तरांची यादी. या मुलांना मी नावे ठेवणार नाही. त्यांना नोकरी हवी आहे, घरचे त्यांच्याकडे डोळे लावून बसले आहेत. १९८५ मध्ये दूरदर्शनवर ‘क्विझ टाइम’ आवडीने पाहणाऱ्या आणि २००० पासून ‘कौन बनेगा करोडपती’पुढे सहकुटुंब बसणाऱ्या आपल्या पिढीला तसा अधिकारही नाही. चिंता वेगळी आहे. अभ्यासिकेपासून ग्रंथांच्या कपाटांपर्यंत वीस पावले आहेत आणि ती चालणारी मुले दरवर्षी कमी होत आहेत. ज्या प्रश्नाला अर्ध्या मिनिटात उत्तर आहे त्यासाठी त्यांना आपली गरज नाही. ते उत्तर खिशातल्या यंत्रातही मिळते. ज्या प्रश्नाला महिनाभर लागतो, तो घेऊन कुठे जायचे हे त्यांना ठाऊक नाही. शतकापूर्वी ज्यांनी वर्गणी गोळा करून ही संस्था उभी केली, त्यांनी ती बहुधा अशाच प्रश्नांसाठी उभी केली होती.

म्हणून मी प्रश्नमंजूषेच्या बदल्यात एक लहानशी योजना कार्यकारी मंडळापुढे ठेवतो. महिन्यातून एक संध्याकाळ प्रश्नांची ठेवावी. सभासदाने, विद्यार्थ्याने, कुणीही आपला खरा प्रश्न आणावा: कुंडीतला मोगरा का फुलत नाही, आजोबांच्या मोडी कागदात काय लिहिले आहे, एखाद्या शब्दाचे मूळ कुठले. उत्तर देणारे दोघे असावेत. एक वाचणारा आणि एक हाताने करणारा. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांशेजारी कमाटीबागेतला माळी त्याच उंचीच्या खुर्चीवर बसावा. दोघांचे पटले नाही तर दोन्ही मते लिहून घ्यावीत. त्यासाठी संदर्भ विभागात एक प्रश्नवही असावी. पुढे कुणाला अधिक चांगले उत्तर ग्रंथात किंवा मातीत सापडले, तर त्याने ते तारीख घालून खाली लिहावे. आश्रयदात्यांना मी एवढीच विनंती करतो की बक्षिसांसाठी त्यांनी जी रक्कम देऊ केली आहे, ती उद्यानविद्या, शेती आणि हस्तव्यवसाय यांवरील मराठी पुस्तकांसाठी द्यावी. आपल्या संग्रहातले ते कपाट फारच रिकामे आहे; त्या चार संध्याकाळी मी ते स्वतः पाहिले.

पंढरीजवळच्या अरणगावी सावता माळी आपल्या मळ्यातून हलले नाहीत आणि विठ्ठलच त्यांच्याकडे आला, अशी आपली परंपरा सांगते. वाफ्यात वाकलेल्या माणसाकडे ज्ञान नसते असे आपल्या संतांनी कधी मानले नाही. ते मानले मी, एका घंटेच्या जोरावर.

त्या मुलाचे पुढे काय झाले, त्याने आंब्याची किती कलमे लावली, ती आज किती वाढली असतील, याचा विचार मी अनेकदा करतो. प्रश्नवही सुरू झाली तर तिच्या पहिल्या पानावरचा पहिला प्रश्न माझा असेल: ‘कलमी आंब्याला फळ कितव्या वर्षी येते?’ त्याखाली त्या मुलाचे उत्तर मी माझ्या अक्षरात लिहीन, या वेळी पूर्ण. आणि खाली थोडी जागा मोकळी ठेवीन, कारण ज्याच्या घरी आंबा आहे असा कुणीतरी त्यात भर घालील.